नाबोथाचा मळा आणि अथिरापिल्लीचा धबधबा



केरळमधील मुरिंगूरच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरमध्ये तपःसाधनेसाठी गेलेले आपल्यापैकी अनेकजण अथिरापिल्लीचा धबधबाही पाहून आले आहेत. सुमारे ८० फुटांवरून कोसळणारी चालकुडी नदी पाहताना हात आपोआप जोडले जातात.

या धबधब्याच्या वरच्या अंगाला धरण बांधून १६३ मेगावॅट वीज निर्माण करण्याची योजना केरळ राज्य विद्युत मंडळाने आखली होती. तिला वर्षानुवर्षे विरोध होत आला आहे. रीतसर जनसुनावणी न घेता मंजुरी दिली म्हणून २००६ साली केरळ उच्च न्यायालयाने ती रद्द केली. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली या योजनेला परवानगी देऊ नये असे सुचवले. तरीही २०२० साली राज्य सरकारने मंडळाला पुन्हा ना-हरकत दिली. धरण अजून झालेले नाही, पण प्रश्न मिटलेला नाही.

वीज हवी, हे म्हणणे काही पाप नव्हे. पाण्यावरच्या विजेला कोळशाचा धूर नाही. शिवाय धबधब्यासाठी थोडे पाणी सोडत राहू, असे मंडळाचे म्हणणे होते. मग देखाव्यासाठी धरण अडवणे म्हणजे पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

पवित्र शास्त्रात नाबोथाची गोष्ट आहे (१ राजे २१). अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा भाजीपाला लावण्यासाठी हवा होता. हेतू वाईट नव्हता. बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तो तयार होता. तरी नाबोथ नाही म्हणाला, कारण तो मळा वाडवडिलांचा वारसा होता. वारशाचे आपण राखणदार असतो. मागच्यांकडून घ्यायचा आणि पुढच्यांच्या हाती द्यायचा. राजाने मागणी केली, त्यात अन्याय नव्हता. नाबोथाचा नकार पचला नाही, तिथून अन्याय सुरू झाला आणि शेवटी निरपराध माणसाचे रक्त सांडले.

अथिरापिल्लीलाही असे राखणदार आहेत. वाझाचालच्या जंगलात काडर आदिवासी राहतात. नदीतले मासे आणि रानातला मध यांवर त्यांची गुजराण चालते. २०१४ साली त्यांना तिथले सामूहिक वनहक्क मिळाले. दक्षिण भारतातल्या धनेश पक्ष्याच्या चारही जाती त्या रानात आढळतात. या नदीच्या खोऱ्यात आधीच सहा धरणे आहेत. ज्या नदीने इतके दिले, तिचा उरलेला वाहता भाग तसाच राहू द्या, असे तिथल्या लोकांनी म्हटले तर ती चैन कशी? १९८०च्या दशकाअखेरीस हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

मात्र 'नाही' म्हणणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. नाबोथाने आपल्या नकाराची किंमत स्वतः मोजली. आपण धरणाला विरोध करायचा आणि घरातले दिवे, पंखे, एसी दिवसभर चालू ठेवायचे, लग्नाच्या मांडवात आणि सणाच्या रोषणाईत हात आखडायचा नाही, तर त्या विरोधाची किंमत कोणीतरी दुसराच मोजतो. ज्याच्या झोपडीत अजून नीट उजेड नाही, त्याच्या वाट्याला अंधार येता कामा नये. काटकसर आधी आपल्या घरापासून सुरू झाली पाहिजे.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). मशागत करायला आपण पटकन शिकलो. राखण मात्र अजून शिकायची आहे. आपल्या हाती सोपवलेले जपण्याची आणि त्यासाठी स्वतः थोडी झळ सोसण्याची सुबुद्धी प्रभू आपल्याला देवो.