बदलापूरला उतरणारा गळा

"एवढे गळे, आणि गाणं एकच!" कर्जतहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये भजन रंगात आलं असताना शेजारच्या सहप्रवाशाने शेरा मारला. माणूस जाणता, पाश्चात्त्य संगीत भरपूर ऐकलेला. युरोपात चारशे वर्षांपूर्वी मॅड्रिगल नावाचं समूहगीत गाताना प्रत्येक गळ्याला स्वतःची चाल असे, आपल्याकडे मात्र बुवा सांगतो आणि बाकीचे त्याच्यामागे ओढतात, असं त्याचं म्हणणं. ते मला लागलं.

या मार्गावरच्या कुणाला लोकलचं भजन वर्णन करून सांगायला नको. तरी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. बुवांच्या तोंडून गवळणीचा चरण पुरता सुटायच्या आत मागची मंडळी झील उचलतात. त्या अर्ध्या मात्रेत दोन ओळी एकमेकींवर चढतात. नेरळला चढलेला माणूस खांद्यावरची बॅग न काढताच मधल्या शब्दापासून सूर धरतो, आणि त्याला कुणी अडवत नाही.

मॅड्रिगल अडवतं. तिथे बहुधा एका ओळीला एकच गायक, आणि त्याच्या हातातल्या वहीत फक्त त्याचीच ओळ. बाकीचे काय गाताहेत ते त्याने कानांनीच जाणायचं. आद्रियानो बांकिएरी हा मठवासी साधू. कार्निव्हलमधल्या एका रात्रीसाठी रचलेला त्याचा संग्रह १६०८ साली छापला गेला. त्यातल्या एका रचनेत कुत्रा, मांजर, कुकू पक्षी आणि घुबड एकाच वेळी गातात, आणि खालचा जाड आवाज लॅटिनसारखं भासणारं काहीबाही बडबडतो. त्याच सुमाराचे आपले एकनाथ महाराज, १५९९ साली गेले. त्यांच्या भारुडांतही सोंगं आहेतच: जोशी, वासुदेव, विंचू चावलेला माणूस. पण ती पाळीपाळीने येतात.

आपल्या कानांना अनेक ओळी एकदम मानवत नाहीत, हे कारण मला पटत नाही. एकनाथांच्या हयातीतच गोव्याच्या चर्चमध्ये असं गायन होत होतं, आणि गोव्याचा मांडो आजही दोन सुरांत गातात.

तेव्हा भेद कानांचा नाही. भजन येईल त्याला सामावून घेतं. मॅड्रिगल प्रत्येकावर अडून बसतं. सामावून घेणंच मोठं, असं मी सहप्रवाशाला ठणकावून सांगणार होतो. बदलापूरला चार जण उतरले तरी गजर तसूभर खाली येत नाही, याचा मला अभिमान आहे. पण त्या उतरलेल्या चौघांचं काय? रोज घसा फोडून गाणाऱ्या माणसाला, आपण नसलो तर गाण्याला भोक पडतं, हे एकदा तरी कळायला नको का? मॅड्रिगलमध्ये ते पहिल्याच ओळीला कळतं. एवढ्यापुरता मी सहप्रवाशाच्या बाजूचा झालो आहे.

त्याने खापर बुवांवर फोडलं, ते मात्र मला मुळीच मान्य नाही. मॅड्रिगल गाणाऱ्याचा सूर न् सूर कागदावर बांधलेला असतो. बुवा ढोलकीचा कल बघून जागच्या जागी चाल फिरवतात.

डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, दोन बुवा आलटूनपालटून एकमेकांना उत्तरं देतात, तीही पाळीनेच. तेव्हा लोकलमधल्या एखाद्या मंडळाने गवळणीत गौळणींची तक्रार आणि यशोदेचं उत्तर एकाच वेळी गाऊन पाहावं. ठेका एकच ठेवावा, ओळी दोन. आणि यशोदा एकाच माणसाकडे द्यावी, बदलापूरला उतरणाऱ्या.