ताटातली गोळी

आजारी माणसाच्या हितासाठी त्याला फसवावे की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. पोथीपुराणापुरता असतो तोवर तो सोपाही वाटतो. आमच्या तळेगावात तो एका स्वयंपाकघरातून आमच्यापुढे आला आणि आम्ही त्याचे उत्तर चुकलो. म्हणून हे चार शब्द.

घर कोणाचे ते सांगत नाही. मुलगा बावीस वर्षांचा, चाकणकडे कारखान्यात कंत्राटी कामावर, रात्रपाळीला. आधी झोप उडाली, मग बोलणे तुटले, मग कोणी नसताना कानात माणसे बोलू लागली. काम सुटले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितले. हा आजार बहुधा अशाच ऐन उमेदीच्या वयात येतो. गोळ्या मिळाल्या, पण पोरगा घेईना. तेव्हा आई गोळी कुसकरून वरणात घालू लागली.

तिने आम्हांस विचारले, "बुवा, हे पाप तर नव्हे ना?" आम्ही म्हटले, "माउली, पोराच्या भल्यासाठीच घालता ना? मग घाला खुशाल."

त्या घरी दवाखान्यातून एक परिचारिका येत असत. त्यांना हे कळले तेव्हा त्या आम्हांस म्हणाल्या, "बुवा, त्याची तक्रार काय? घरचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात. आणि आपण घालतोच आहोत! मग त्याचा भ्रम कोणता आणि खरे कोणते, हे त्याला कोणी सांगायचे?"

ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

येथे कोणी म्हणेल, बुडत्याला काय परवानगी विचारून बाहेर काढायचे? नाही. जीवावर बेतले असेल तर थांबू नये. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदासुद्धा तातडीच्या प्रसंगी, रुग्णाचा प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत उपचाराची मुभा देतो. परंतु ते उघड असते. उघडपणे हात धरला तर रागवायचे कोणावर, हे तरी त्या माणसाला कळते. फसवले तर त्याच्या पायाखालची जमीनच जाते. शिवाय बुडणे घटकाभराचे, हा आजार वर्षानुवर्षांचा. आई वारीला गेली त्या दिवशी वरणात गोळी कोण घालणार?

मग गोळी घेत नाही त्याचे करायचे काय? बाईंनी जे केले ते आम्ही पाहिले. पहिल्या खेपेस त्याने दार लावून घेतले. त्या ओसरीवर बसल्या, आईशी बोलल्या आणि "गुरुवारी येते" म्हणून गेल्या. गुरुवारी आल्या. आम्ही असतो तर पहिल्या वाक्यात गोळीचा उपदेश केला असता. त्यांनी झोपेचे विचारले, भुकेचे विचारले. असे महिने गेले. मग एके दिवशी, मुलगा जरा स्थिर असताना, बाईंच्या समक्ष आईने त्याला खरे सांगितले.

चार दिवस तो घरचे जेवला नाही. आईच्या जीवाचे पाणी झाले. पाचव्या दिवशी त्याने बाईंना विचारले, "माझे हात कापतात ते ह्याच गोळीने का?" होय, त्याच गोळीने. न घेण्याला कारण होते, फक्त ते कोणी विचारले नव्हते. डॉक्टरांनी औषध बदलले. आज तो आपल्या हाताने गोळी घेतो. कधी चुकवतो, पण चुकवली तर सांगतो.

प्रत्येक घरी असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांच्या घरी दवाखान्याच्या उपचाराखेरीज शिकवून तयार केलेले गावातले कार्यकर्ते जात. त्यांची प्रकृती अधिक सुधारली, पण फरक माफक होता आणि सर्व ठिकाणी सारखा नव्हता. माफक म्हणून सोडून द्यावा काय? ज्याच्या घरात तो फरक पडतो, त्याला विचारा.

नामदेवरायांची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. दृष्टांत रोग्याचा घेऊ नका, धावणाऱ्याचा घ्या. त्यांनी तूप लपवले नाही. वाटी हातात, उघडी होती. जो आपल्याला भिऊन पळतो त्याच्या मागे उघड्या हाताने जाणे, ही सेवा आम्हांस त्या परिचारिकेने शिकवली.

आता आपल्या पदरचे काय? अशा मुलाला "टाळ धर, सगळे बरे होईल" असे सांगू नये. भजनाला जागा द्यावी, औषध सोडायला सांगू नये. देवस्थानी बांधून ठेवण्याचा मार्ग तर कधीच धरू नये. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडातले २८ जण पळता न आल्याने गेले. आता साखळीने बांधणे कायद्यानेही बंद आहे. घरात अडचण असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि त्या माउलीला दोष देऊ नका. तिने विचारले होते. चुकीचे सांगितले ते आम्ही.