‘बाकीचं तिकडे गेल्यावर बघू’ म्हणे!

बस समोर. मोबाईल आधी खिशात टाक. जर्मनीसाठी शिफारसपत्र मागायला आलास, ते मिळेल. तुझं काम त्या योग्यतेचं आहे. पण खर्चाचा अंदाज दाखव म्हटल्यावर तू जे टिपण पुढे केलंस, ते वाचून माझं डोकं फिरलं. ब्लॉक्ड अकाउंट 12 लाख, विमान 60 हजार, खरेदी 50 हजार, इतर 1 लाख. आणि खाली, ‘बाकीचं तिकडे गेल्यावर, पार्ट टाइम करून.’ चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलास ना माझ्या हाताखाली? वडिलांची निफाडची द्राक्षबाग बँकेकडे गहाण पडणार आहे आणि तुझा हिशेब चार ओळींत संपतो. लाज वाटायला हवी.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजेच वर्षाचा खर्च, हे तुला कोणी सांगितलं? कन्सल्टन्सीवाल्याने? त्याचं काम तुला विमानात बसवेपर्यंत. त्या खात्यात आगाऊ भरायचे 11,904 युरो हा आकडा व्हिसा देण्यासाठी ठरवलेला आहे. दरमहा 992 युरो तुझ्या हातात येणार, त्याच्यावर एक छदाम नाही. आता मला सांग, तू सप्टेंबरच्या अखेरीस उतरलास. खोली मिळाली. मालक किल्ली देताना अनामत मागणार. तिथल्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत तो मागू शकतो. त्यावर पहिल्या महिन्याचं भाडं. ही रक्कम 992 मध्ये बसते का? आणि ते 992 तरी पहिल्या दिवशी मिळतात का? तिथे बँकेत खातं उघडल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांचे पैसे वेगळे, हाताशी हवेत. तुझ्या कागदावर त्यांची ओळच नाही.

पुढचं ऐक. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा सक्तीचा, महिन्याला 140 ते 150 युरोच्या घरात. घरटी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे पालुपद तर मी दरवर्षी ऐकतो. तुझ्या यादीत दुसऱ्या नंबरवर काय आहे? श्टुटगार्ट. ते ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. चार सेमिस्टर म्हणजे 6,000 युरो, सहा लाखांच्या वर. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांना फी लावली. यादी केलीस, क्रमवारी पाठ केलीस आणि फीचं पान उघडून बघितलं नाहीस! त्यात मास्टर्स नावाला दोन वर्षांचं. प्रबंध लांबतो, एखादा पेपर राहतो, अडीच-तीन वर्षं सहज होतात. निवास परवाना वाढवायला गेलास की पैशाचा पुरावा पुन्हा मागतात. तेव्हा काय दाखवणार आहेस?

पार्ट टाइम. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, हे खरं. पण काम मिळायला भाषा लागते, आणि तुझी जर्मन अजून ‘माझं नाव अमुक’च्या पुढे सरकलेली नाही. पहिल्या सहा महिन्यांत मिळकत शून्य धरायची. नंतर जी येईल ती वरकड. तिच्या भरवशावर भाडं ठरवणारा मुलगा रात्री गोदामात खोकी उचलतो आणि सकाळी लेक्चरला डुलक्या काढतो.

आता घरचं. हे बोलायला तुला जड जातं, म्हणून मीच बोलतो. तुझ्या वडिलांकडे पैसा कधी येतो? फेब्रुवारी ते एप्रिल, माल उतरल्यावर. व्यापाऱ्याने वेळेत दिला तर. त्यातून 31 मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं, मग खरड छाटणी, औषधं, मजुरी. तुला ब्लॉक्ड अकाउंट भरायचं जून-जुलैत. तोवर त्यांच्याकडे काय उरतं, कधी विचारलंस? 2025 मध्ये मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत पाऊस लागून राहिला, कितीतरी बागांत घडच जिरले. हे तू बांधावर उभं राहून पाहिलं आहेस. तरी ‘पप्पा करतील काहीतरी’ म्हणतोस?

स्वतःचे पैसे परदेशी पाठवले आणि वर्षाची रक्कम 10 लाखांवर गेली की वरच्या रकमेवर बँक टीसीएस हा कर आगाऊ कापते. तो परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावर. तुझ्या वडिलांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेली तर 1 एप्रिल 2025 पासून हा टीसीएस लागत नाही. म्हणजे कुठला पैसा कुठल्या वाटेने न्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. कर्जाचं व्याजही शिकत असतानाच चढायला लागतं: 20 लाखांवर 10 टक्क्यांनी वर्षाचे दोन लाख. आणि तू युरो सरळ 100 रुपये धरलास. 2023 मध्ये तो नव्वदीच्या आसपास होता, 2025 मध्ये त्याने शंभरी ओलांडली. तुझ्या मुक्कामात तो आणखी चढला तर? दहा टक्के वाढ धरूनच गणित मांड.

तू रोज बाईकवर पांडवलेण्यांवरून जातोस. पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे सेल्फी काढले असशील. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला गेला, तोही कर्ज काढूनच. विम्याच्या पॉलिसी मित्राकडे गहाण ठेवून पैसे उभे केले होते. पण काय आणायचं, हे जाण्याआधी पक्कं होतं. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली, सिनेमा कसा काढतात ते पाहून घेतलं आणि 1 एप्रिलला माणूस परत मुंबईत. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या कामी लागले. घरची ठेव पणाला लावणारा माणूस पै न् पै कशी लावतो, ते तिथे उभं राहून जरा वाच.

मी तुला जाऊ नकोस म्हणत नाही. जा. माझ्या वर्गातली पोरं बाहेर गेली, चांगली राहिली, याचा मला अभिमान आहे. पण अर्धवट हिशेबावर गेलेली पोरंही मी पाहिली आहेत. घरी फोनवर ‘सगळं मस्त’ सांगायचं आणि इकडे मित्रांकडे हात पसरायचे. शेवटी सेमिस्टर सोडायचं. तुझ्या बाबतीत मला ते ऐकायचं नाही.

रविवारी सकाळी वडिलांना आणि आईला घेऊन ये. वही आण. महिन्यागणिक रकाने पाड, जाण्याआधीच्या खर्चापासून: एपीएस प्रमाणपत्राचे 18,000 रुपये, व्हिसाचे 75 युरो, मुंबईच्या खेपा, सगळं. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून येणार ते लिही. ‘इतर’ नावाचा रकाना दिसला तर वही परत करीन. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे आईच्या नावावर वेगळे टाकायचे, बागेच्या औषधालाही त्यातून घ्यायचे नाहीत. हे आईसमोर मी स्वतः सांगणार आहे.