सेकंदाचा शंभरावा भाग

दोन माणसांत किती फरक असला म्हणजे एकाला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा म्हणणे न्याय्य ठरते? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला वाटेल, पण परदेशात राहणाऱ्या आपल्या घराघरांत तो या ना त्या रूपाने रोज येतो. मुलांचे गुण, कॉलेजचे प्रवेश, नोकरीतल्या बढत्या, सगळीकडे कोणीतरी एक रेषा आखलेली असते. काही जण रेषेच्या अलीकडे राहतात, काही पलीकडे जातात. या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी फिनलंडच्या एका खेळाडूची आठवण होते. त्याचे नाव युहा मिएतो.

मिएतोचा खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग. डोंगरावरून भरधाव घसरत येण्याचा तो प्रकार नव्हे. पायाला लांब पट्ट्या बांधून, हातातल्या काठ्या रोवत, बर्फातले चढ-उतार मैलोन्मैल पार करायचे. हृदय आणि फुफ्फुसे यांची इतकी कठोर परीक्षा घेणारे खेळ फार थोडे, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. मिएतो ज्या 15 किलोमीटरच्या शर्यतीत उतरत असे, तिच्यात सगळे एकदम सुटत नसत. ठरावीक अंतराने एकेक जण निघे आणि प्रत्येकाची खरी लढत घड्याळाशी असे.

1972 साली जपानमधल्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये या शर्यतीत मिएतो चौथा आला. नॉर्वेच्या इवार फोर्मोला कांस्यपदक मिळाले. दोघांत फरक होता सेकंदाच्या शंभर भागांपैकी सहा भागांचा. पुढे 1976 मध्ये चौघांच्या रिले शर्यतीत फिनलंडला सुवर्णपदक मिळाले, त्या संघात तो होता. पण एकट्याचे सुवर्ण अजून बाकी होते.

ती संधी 1980 च्या फेब्रुवारीत आली, इथे न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडला. स्वीडनच्या थॉमस वासबर्गची वेळ लागली 41 मिनिटे 57.63 सेकंद. मिएतोची 41 मिनिटे 57.64 सेकंद. हातातोंडाशी आलेला घास सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेला. मी हिशेब करून पाहिला. त्या शर्यतीच्या सरासरी वेगाने शंभराव्या भागात माणूस सुमारे सहा सेंटीमीटर पुढे जातो. म्हणजे 15 किलोमीटरमध्ये चार बोटांइतकेही अंतर नाही!

त्याच ऑलिंपिकमध्ये 50 किलोमीटरच्या शर्यतीतही मिएतोला रौप्यपदक मिळाले. तिथे सोव्हिएत संघाचा निकोलाय झिम्यातोव त्याच्या जवळजवळ तीन मिनिटे पुढे होता. मला यातली गंमत वाटते ती ही, की दोन्ही पदके सारखीच. एका शर्यतीत समोरचा निःसंशय सरस होता, दुसऱ्या शर्यतीत कोण सरस हे देवच जाणे. पदकावर मात्र हा भेद कुठेच दिसत नाही.

या निकालानंतर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने अंतिम वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंतच धरायची असे ठरवले. घड्याळे अधिक बारीक मोजू शकत होती, तरी त्यांनी मोजमाप मुद्दाम जाड केले. 2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या 10 किलोमीटर शर्यतीत नॉर्वेची मारित ब्योर्गेन आणि फिनलंडची क्रिस्ता पार्माकोस्की यांची वेळ दशांशापर्यंत सारखी आली आणि दोघींनाही कांस्यपदक मिळाले. 46 वर्षांपूर्वी याच दोन देशांच्या फोर्मो आणि मिएतो यांच्यापैकी एकालाच ते मिळाले होते.

यावर कोणी चिकित्सक वाचक विचारील, की दशांशाने तरी प्रश्न कुठे सुटला? दशांशाच्या सीमेवरही कोणीतरी असणारच. शंभराव्या भागाच्या फरकाने एक जण अलीकडच्या आकड्यात जाईल, एक पलीकडच्या. आक्षेप अगदी रास्त आहे. रेषा सरकवता येते, पुसता येत नाही. मग महासंघाने मिळवले काय? माझ्या मते, आपल्याला जे खरोखर ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणायचे त्यांनी सोडले. वेगवेगळ्या क्षणी निघालेल्या दोघांना वारा सारखा लागत नाही, पायाखालचा बर्फही सारखा राहत नाही. अशा वेळी सहा सेंटीमीटरवरून कोण श्रेष्ठ हे सांगणे म्हणजे घड्याळाच्या तोंडी भलते शब्द घालणे.

माझ्या व्यवसायात हे रोजचेच आहे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेषा 140/90 वरून 130/80 वर आणली. आदल्या दिवशी निरोगी म्हणवणारी लाखो माणसे दुसऱ्या दिवशी रुग्ण ठरली. त्यांच्या शरीरात रातोरात काही घडले नव्हते. रेषा खाली आणण्यामागे शास्त्रीय कारणे होती आणि मीही ती पाळतो, कारण कुठेतरी रेषा नसेल तर औषध कोणाला द्यायचे हे ठरणार नाही. पण 129 वाला सुखरूप आणि 131 वाला आजारी असे मी समजू लागलो, तर मी आकड्यावर उपचार करीन, माणसावर नाही. रेषा ही आपली सोय आहे. तो माणसाचा निवाडा नव्हे.

मिएतोच्या आयुष्यात पुढे आणखी एक मोजदाद आली. 2007 साली तो केंद्र पक्षातर्फे, वासा मतदारसंघातून, फिनलंडच्या 200 सदस्यांच्या संसदेवर निवडून आला आणि 2011 पर्यंत खासदार होता. तिथला मतदार मतपत्रिकेवर आपल्या पसंतीच्या उमेदवाराचा क्रमांक लिहितो, त्यामुळे माणूस पाहूनच मत पडते. निवडणुकीतही रेषा असतेच, पण बरोबरी झाली तर फिनलंडचा कायदा चिठ्ठी टाकायला सांगतो. आपल्याकडेही तीच रीत. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना समसमान मते पडली आणि निकाल चिठ्ठीने लागला. काहींना हे हास्यास्पद वाटले. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. इथून पुढे गुणवत्तेचे काम संपले आणि नशिबाचे सुरू झाले, हे चिठ्ठी उघडपणे सांगते. शंभरावा भाग मोजणारे घड्याळ तेच नशीब गुणवत्तेच्या नावावर खपवते.

आता आपल्या घराकडे वळू. 1980 च्या दशकात महाराष्ट्रात मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरे. एकदोन गुणांनी आत आलेले आणि एकदोन गुणांनी बाहेर राहिलेले, दोघेही माझ्या पाहण्यात आहेत. आत आलेल्यांपैकी मी एक. त्या एकदोन गुणांत मी माझी हुशारी शोधू लागलो तर ते खोटे ठरेल, आणि बाहेर राहिलेल्याने त्यात आपली नालायकी शोधली तर तेही तितकेच खोटे.

स्पर्धा नको असे माझे म्हणणे मुळीच नाही. मिएतोही लेक प्लॅसिडनंतर थांबला नाही. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा धावला आणि रिलेत कांस्यपदक घेऊन आला. मुलांनी जीव तोडून मेहनत करावी, रेषेपलीकडे जाण्याची जिद्द धरावी. पण निकाल हाती आला की आई-वडिलांनी स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा: हा फरक तीन मिनिटांचा आहे की शंभराव्या भागाचा? तीन मिनिटांचा असेल तर मुलाशी मोकळेपणाने बोलावे, कुठे कमी पडले ते पाहावे. शंभराव्या भागाचा असेल तर त्याच्या पाठीवर हात ठेवावा आणि जेवायला बसावे.