आजोबांचं पदक आणि एकशे पंचावन्नचा अर्ज

बारामती किंवा इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर अर्धा तास उभे राहिलात, तर 'एकशे पंचावन्न' हा आकडा एकदोनदा तरी कानावर पडेल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५५. सातबारावर लिहिताना झालेली चूक दुरुस्त करून मागायचं कलम. हाताने लिहिलेले उतारे संगणकावर चढवताना कुणाचं नाव गळालं, कुणाच्या क्षेत्रातलं एक शून्य उडालं, कुणाचा चुलता दोनदा लागला. माणसं हेलपाटे घालतात, जुने फेरफार शोधतात, झेरॉक्सवाल्याला शिव्या घालतात. पण अर्ज करायची लाज कुणालाच वाटत नाही. जमीन माझीच आहे, कागद चुकलाय, तो नीट करा. मामला एवढाच.

आता याच भागातला एक माजी सैनिक डोळ्यांसमोर आणा. अमुकच असा कुणी नाही. नीरेच्या डाव्या कालव्याने भिजणाऱ्या गावांत आणि न भिजणाऱ्या गावांतही असा माणूस भेटू शकतो. १९७१ साली तो विशीत होता आणि पश्चिम आघाडीवर होता. आज पंच्याहत्तरी ओलांडली आहे. पश्चिमी स्टार हे पदक त्याला लागू होतं, पण डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नाही. सातबारासाठी याच आजोबांनी दहा वर्षं तहसील झिजवली. नातू मोबाईल हातात घेऊन म्हणतो, "आजोबा, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाकू या." आणि आजोबा म्हणतात, "जाऊ दे रे. मागून घेतलेला मान, तो काय मान असतो का?"

हे वाक्य मला सोडवत नाही. कारण त्यात खोट काढणं सोपं नाही.

मान मागता येत नाही, हे खरंच आहे. आपण सगळे फ्लेक्सच्या प्रदेशात राहतो. स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्वतःच छापून खाली 'मित्र परिवार' लिहिणारे, शाल-श्रीफळ घरून आणून दुसऱ्याच्या हातून घेणारे तुम्हीही पाहिले असतील. सत्काराची मागणी केली की सत्कार तिथेच मरतो, राहते ती शाल. आजोबांना त्या रांगेत उभं राहायचं नाही. त्यांचा नकार हा संकोच नाही, ती चांगली अभिरुची आहे.

तरीही आजोबा इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतायत.

सैन्यातली पदकं ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक शौर्याची: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल वगैरे. तिथे कुणीतरी वरिष्ठ शिफारस लिहितो, कुणीतरी ती तोलतो, मग निर्णय होतो. हा मान आहे, आणि तो देणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. दुसरी जात मोहिमेची आणि सेवेची: १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल. इथे शौर्य कुणी मोजत नाही. तुम्ही अमुक काळात अमुक ठिकाणी अमुक युनिटबरोबर होतात का, एवढाच प्रश्न. होतात, तर पदक तुमचं. म्हणजे हे पदक हा मान कमी आणि उतारा जास्त आहे. 'हा माणूस तिथे होता' असं सरकारने दिलेलं लेखी वाक्य. त्या वाक्यातली चूक दुरुस्त करून मागणं हा एकशे पंचावन्नचाच अर्ज झाला.

(पैशासाठी चाललंय, असं कुणी म्हणेलच, म्हणून सांगून ठेवतो. दरमहा भत्ता शौर्यपदकांना असतो. २०१७ साली वीर चक्रासाठी तो महिना ७,००० रुपये आणि परमवीर चक्रासाठी २०,००० रुपये ठरला. मोहिमेच्या स्टारला असा भत्ता नाही. आजोबांच्या हाती येणार ती फीत, धातूचा तुकडा आणि बुकातली एक ओळ.)

नोंद गळते कशी? त्यात खलनायक शोधायला जाऊ नका, बहुतेक वेळा सापडणार नाही. युनिटमधला क्लार्क 'पार्ट टू ऑर्डर' काढतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे सैनिकाच्या कागदांवर नोंद चढते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यातच, खडकीला. या साखळीतली एक कडी निसटली की ओळ गायब. जवान त्या दिवसांत दुसऱ्या युनिटला जोडलेला असेल, जखमी होऊन इस्पितळात असेल, तर निसटण्याची शक्यता आणखी वाढते. वर आपली नावं! ज्ञानदेव हे नाव रोमन लिपीत एका कागदावर 'डी'ने सुरू होतं, दुसऱ्यावर 'जी'ने. भरतीच्या दिवशी कुणीतरी आडनाव जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि पुढची पन्नास वर्षं आधार कार्ड, पेन्शनचा कागद आणि डिस्चार्ज बुक या तिघांत तीन वेगवेगळी माणसं नांदतात.

यातली गोम अशी, की चूक ज्याने लिहिलं त्याची, आणि पुरावा आणायचा ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या सरकारी दफ्तराला आग लागली आणि माजी सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. दफ्तर सरकारचं, आग सरकारच्या इमारतीला. तरी नंतर पदकासाठी किंवा उपचारासाठी आलेल्या म्हाताऱ्याला घरातले जुने कागद, सोबत्यांची पत्रं, जे काही असेल ते गोळा करत बसावं लागलं. आपल्याकडे आग लागायचीही गरज नसते. पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद ठरावीक वर्षांनंतर नियमानुसारच नष्ट केले जातात. मग उरतो तो पत्र्याच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला त्याचा स्वतःचा कागद, आणि त्यावर ती ओळ नसते म्हणून तर सगळं सुरू झालेलं असतं.

इथवर गोष्ट सोपी होती. शौर्यपदकाशी ती अवघड होते, कारण तिथे न लिहिलेली ओळ नेहमीच क्लार्कची चूक नसते.

एप्रिल १९४५, इटली. ९ एप्रिलला सेनिओ नदीकाठी नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्रीतले शिपाई, कंपनी रनर, यांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून पलीकडे नेलं आणि मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो त्याच वर्षी जाहीर झाला. त्याच इटलीत, जेमतेम चार दिवस आधी, व्हर्नन बेकर नावाच्या अमेरिकन लेफ्टनंटने एका किल्ल्याखालच्या डोंगरावर जर्मन चौक्यांशी जवळपास तशीच झुंज दिली. बेकर कृष्णवर्णीय होता. दुसऱ्या महायुद्धात बारा लाखांवर कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते, आणि युद्धानंतर त्यांच्यापैकी एकालाही त्या देशाचं सर्वोच्च पदक मिळालेलं नव्हतं. बेकरला खालच्या पायरीचं पदक देऊन विषय संपवला गेला. पुढे सैन्यानेच अभ्यास करवून घेतला, मुदतीची अट कायद्याने बाजूला ठेवावी लागली, आणि १३ जानेवारी १९९७ ला सात जणांना ते सर्वोच्च पदक देण्यात आलं. सातांपैकी जिवंत एकच होता, बेकर. वय सत्याहत्तर.

बावन्न वर्षांचा हा फरक पराक्रमातला नाही, लिहिणाऱ्यांतला आहे. (साम्राज्याचं सैन्य फार न्यायी होतं असं मला म्हणायचं नाही. ते पुढे येतंच आहे.) म्हणून 'शौर्यपदक हा मान आहे, तो मागू नये' हे माझंच वाक्य मला इथे आवरतं घ्यावं लागतं. मान देणाऱ्याने तोलायचंच नाकारलं असेल, तर 'तोला' असं म्हणणं ही याचना होत नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण कारगिलचं. बटालिक भागात लढलेल्या ब्रिगेडची कमान ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्याकडे होती. आपली कामगिरी अहवालात कमी दाखवली गेली, अशी त्यांची तक्रार होती. २०१० साली सशस्त्र दल न्यायाधिकरणाने ती मानली आणि नोंद दुरुस्त करायला सांगितलं. युद्ध झालं त्याला तोवर अकरा वर्षं होत आली होती. ब्रिगेडियर हुद्द्याच्या, वकील करू शकणाऱ्या, इंग्रजीत अहवाल वाचू शकणाऱ्या माणसाला इतका काळ लागतो. हवालदार म्हणून घरी आलेल्या माणसाने 'जाऊ दे रे' म्हटलं तर त्याला वैराग्य म्हणावं की हिशेब, हे मला ठरवता येत नाही.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. नोंदी इतक्या सहज बदलू लागल्या तर खोटे वीर उगवतील. न गाजवलेल्या लढाया सांगणारे, बाजारातून फिती आणून छातीवर लावणारे सगळ्या देशांत आहेत. दफ्तर कडक असतं तेव्हा ते खऱ्याचंही रक्षण करतं. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं ते उगाच नाही. पण कडकपणा आणि आळस बाहेरून सारखेच दिसतात. 'पुरावा आणा' हे कडक झालं. 'पुरावा आमच्याच कपाटात आहे, पण तो तुम्ही आणा' याला मी कडक म्हणणार नाही. युनिटची युद्धकाळातली डायरी, त्या महिन्यांची हजेरी सरकारकडे असते, आजोबांच्या ट्रंकेत नाही. संशयाचा फायदा नका देऊ. शोधण्याचं काम तरी स्वतः करा.

याच पुणे जिल्ह्यात, भीमेच्या काठी, नोंदीची ताकद दाखवणारा एक दगड उभा आहे. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने विजयस्तंभ उभारला. स्वतःच्या विजयासाठी, यात शंका नाही. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली गेली, आणि त्यांतली बावीस नावं शेवटच्या 'नाक'वरून महारांची म्हणून ओळखू येतात. पुढे १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. नवं धोरण असं, की ही 'लढाऊ जात' नव्हे. ज्यांच्या पिढ्या पलटणीत गेल्या त्यांना सरकारनेच सांगितलं की तुम्ही सैनिक नव्हेतच. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळ बाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तोच प्रश्न पुन्हा सरकारपुढे मांडला. या माणसांनी मान मागितला, असं कुणी म्हणेल का? आमची सेवा झालेली आहे, ती झाली नाही असं लिहू नका, एवढंच ते सांगत होते. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट अखेर १९४१ मध्ये उभी राहिली. धोरणाचे कागद या काळात कितीदा फिरले. दगडावरची नावं तेवढी फिरवता आली नाहीत.

आता आजोबांकडे परत जायला हवं, कारण नातवाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. आजोबा 'नको' म्हणत असतील, तर त्यांच्या नावाने अर्ज करायचा का?

माझं मत: ते हयात असताना, त्यांच्या पाठीमागे, नाही. त्यांच्या सहीची नक्कल करून केलेली दुरुस्ती ही आणखी एक खोटी नोंद होईल. पण 'नको' हा शब्द तिथेच सोडूनही देऊ नये. कारण ती ओळ त्यांच्या एकट्याची नाही. आजी मागे राहिली तर कुटुंब पेन्शनच्या वेळी हेच बुक उघडलं जाणार, आणि तिच्या नावाचं स्पेलिंगही बहुधा तिथेच चुकलेलं असणार. आणि आजोबा अमुक चौकीवर होते असं कागदावर आलं, तर त्या चौकीवरचे बाकीचेही थोडे अधिक खरे होतात. बेकर १९९७ मध्ये पदक घ्यायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या तुकडीतले बहुतेक सोबती त्या इटलीतल्या डोंगरावरच राहिले होते. त्यांच्यासाठी तिथे बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हा अर्जाचा विषय आठवडाभर बाजूला ठेवा. दुपारची जेवणं झाल्यावर डिस्चार्ज बुक काढायला सांगा, पानांचे फोटो घ्या, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना सांगून मगच चालू करा, आणि त्या डिसेंबरमध्ये कुठे होतात एवढंच विचारा. ते स्वतःबद्दल फार बोलणार नाहीत. शेजारच्या खंदकातल्या कुणाबद्दल तरी बोलतील, जो परत आला नाही किंवा आला आणि लवकर गेला. त्याचं नाव, नंबर आठवत असेल तर नंबर, युनिट, गाव, तालुका लिहून घ्या. मग विचारा, आजोबा, याची तरी नोंद नीट झाली होती का?