धर्मखात्याचे प्रजासत्ताक

तुर्कस्तानाने धर्माला राजकारणातून हद्दपार केले, ही समजूत आपल्याकडील सुशिक्षितांत इतकी रूढ आहे की, ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या राष्ट्रसभेने खिलाफत बरखास्त केली एवढेच आपण ध्यानात ठेवतो. पण त्याच दिवशी त्याच सभेने शरियत व वक्फ यांचे मंत्रालय मोडून त्या जागी ‘दियानत’ नावाचे सरकारी खाते उभे केले, याचे आपल्याला स्मरण राहत नाही. खलीफा अब्दुल मजीद परागंदा झाला. त्याला पुढे हैदराबादच्या निजामाकडून तनखा मिळू लागला, आणि १९३१ साली त्याची कन्या दुर्रुशेहवार त्याच निजामाची, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याही तत्कालीन धन्याची, सून झाली. ही कथा रंजक खरी. परंतु तुर्कस्तानचे भवितव्य खलीफाच्या निर्वासनापेक्षा त्या नव्या खात्याच्या दप्तरात अधिक ठरले.

मुस्तफा केमालच्या राजवटीने मदरसे बंद केले, दर्गे व सूफींचे मठ यांना टाळे ठोकले, १९२६ साली स्विस कायद्याच्या धर्तीवर नवी दिवाणी संहिता आणली आणि १९३७ साली इहवादाला संविधानात स्थान दिले. परंतु मशिदींवरील ताबा मात्र तिने सोडला नाही. इमाम सरकारी हुकमाच्या अमलाखाली राहिला, आणि १९३२ पासून अजानदेखील अरबीऐवजी तुर्कीतून देण्याची सक्ती झाली. ईश्वराला कोणत्या भाषेत हाक मारावी हे जे सरकार ठरवते, त्याने धर्म व राज्य यांची फारकत केली असे म्हणणे मला तरी जड जाते. त्याने धर्माला चाकरीत घेतले, इतकेच.

आणि चाकर धनी बदलला तरी चाकरच राहतो. १९५० च्या जूनमध्ये पंतप्रधान मेंदेरेस यांच्या नव्या सरकारने अरबी अजानवरील बंदी उठवली, तेव्हा केमालच्या स्वतःच्या पक्षानेही विरोध केला नाही, कारण खेड्यापाड्यांतील मतदाराचे मन एव्हाना सर्वांना कळून चुकले होते. त्याहून विस्मयकारक प्रकार १९८२ चा: इहवादाची राखणदार म्हणवणाऱ्या लष्कराने स्वतःच्या देखरेखीखाली जे संविधान करविले, त्यानेच शाळांतून धर्मशिक्षण अनिवार्य केले. डाव्या विचारांच्या तरुणांना आवरण्यास शासनमान्य इस्लाम उपयोगी पडेल, असा सेनापतींचा होरा होता. पुढे इमाम घडवणाऱ्या सरकारी इमाम-हातिप शाळेत शिकलेले एर्दोआन सत्तेवर आले, तेव्हा त्यांना नवे यंत्र घडवावे लागले नाही. १५ जुलै २०१६ च्या रात्री लष्करी बंड उसळताच याच दियानत खात्याच्या आदेशाने देशभरच्या मिनारांवरून लोकांना रस्त्यावर बोलावण्यात आले.

या व्यवस्थेची खरी झळ अलेवी या अल्पसंख्य पंथाच्या लोकांना बसली आहे. त्यांच्याही करातून दियानतचा खर्च चालतो, पण ते खाते सुन्नी हनफी परंपरेचे. अलेवींच्या ‘जेमएवी’ला प्रार्थनास्थळ म्हणून कायद्याची मान्यता नाही. २०१६ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या भेदभावाबद्दल तुर्कस्तानास दोषी धरले. त्यावर २०२२ साली अंकाराने अलेवींसाठी एक स्वतंत्र कार्यालय स्थापिले, आणि तेही संस्कृती व पर्यटन मंत्रालयाच्या ताब्यात दिले. अलेवींच्या अनेक संघटनांनी त्याकडे पाठ फिरवली.