उंबरठ्याचा मालक

सेवकाला दिलेला अधिकार केव्हा आणि कसा मालकीत रूपांतरित होतो, हा प्रश्न राज्यशास्त्राचा मानला जात असला, तरी त्याचे मूळ धर्मजीवनातही तितकेच खोल आहे. कारण ज्याच्या नावाने हुकूम सुटतो तो धनी जितका अदृश्य, तितकी त्याच्या कारभाऱ्याची मुखत्यारी निरंकुश. पंढरपूरचे उदाहरण घ्यावे. ज्या विठ्ठलाला वारकऱ्यांनी माउली म्हटले, त्याच्याच महाद्वारापाशी, मंदिराच्या बाहेर, अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याची समाधी आहे. ती भक्ताच्या थोरवीची जितकी, तितकीच द्वारपालांच्या अंमलाचीही साक्ष देते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांसाठी उघडले. आणि १९७३ च्या कायद्याने रद्द ठरवलेले बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क प्रत्यक्षात संपण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय यावा लागला.

येथे व्यक्तींच्या दुष्टपणाचा शोध घेणे व्यर्थ होय. पिढ्यान्‌पिढ्या वतन भोगणाऱ्यास सेवा हे ऋण न वाटता दस्तूर वाटू लागते, आणि अडविणारा हात आपला नसून देवाचाच आहे, असा त्याचा प्रामाणिक समज होतो; सत्तेचा सूक्ष्मतम दुरुपयोग तो हाच. म्हणून अधिकाराची कसोटी एकच: ज्याच्या नावाने तो चालतो, त्याच्यापर्यंत दुबळ्यातल्या दुबळ्या मनुष्याला तो पोहोचवितो की अडवितो? उंबरठा ओलांडण्यासाठी असतो. लोकांना अडविण्यासाठी त्यावर ठाण मांडणाऱ्याला देवाकडे पाठ करूनच बसावे लागते.